दिसणे आणि न दिसणे : चांद्याच्या जंगलातील लपण्याचा इतिहास

चंद्रपूर आणि गडचिरोली हे जंगलाचे जिल्हे म्हणून आपल्याला ठाऊक आहेत. पण ते तितकेच तलावांचे आणि धानाचेही आहेत. माजी मालगुजारी तलावांना इथे लोक ‘मामा तलाव’ म्हणतात. धान कापून झाले, बांध्यांमध्ये ओल आणि चिखल तेवढा उरला, की थंडीबरोबर उत्तरेकडून एक पाहुणा पक्षी येतो. त्याचे नाव पाणलावा. लांब सरळ चोच, पाठीवर वाळल्या गवताच्या काड्यांसारखे फिकट पिवळे पट्टे. तो धसकटांमध्ये बसला की समोर असूनही दिसत नाही. पाय पडेपर्यंत जागचा हलत नाही आणि उडालाच तर नागमोडी वळणे घेत जातो. त्याला टिपणे हे नेमबाजाच्या कसोटीचे काम मानले जाई.

या पक्ष्याचे इंग्रजी नाव ‘स्नाइप’. हिंदुस्थानात नोकरीला आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या १७७० च्या दशकातील पत्रांत या शिकारीला ‘स्नायपिंग’ म्हटलेले सापडते. पुढे त्याच क्रियापदावरून ‘स्नायपर’ हा शब्द बनला, आणि विसाव्या शतकाच्या दोन महायुद्धांनी तो जगभर पोचवला. म्हणजे दडून बसून नेम धरणाऱ्या सैनिकाला ज्याचे नाव मिळाले तो मारणारा नव्हे, लपणारा आहे.

आज हा शब्द खेळातही आला आहे. ‘एअरसॉफ्ट’ हा लुटुपुटुच्या लढाईचा खेळ १९७० च्या दशकात जपानमध्ये सुरू झाला. तिथे सामान्य नागरिकाला खरी बंदूक बाळगणे जवळजवळ अशक्य. म्हणून हुबेहूब दिसणाऱ्या, पण सहा मिलिमीटर व्यासाच्या प्लॅस्टिकच्या गोळ्या उडवणाऱ्या बंदुका तयार झाल्या. या खेळात ‘स्नायपर’ अशी एक भूमिका असते आणि ती घेऊ पाहणाऱ्या नवख्याचा पहिला प्रश्न सगळीकडे सारखाच असतो : थोड्या पैशांत कोणती बंदूक घ्यावी आणि कोणते कपडे? जंगलात छायाचित्रे काढू पाहणारा तरुण यातल्या बंदुकीच्या जागी कॅमेरा घालतो, एवढाच फरक. दोघेही शेवटी हिरव्या-तपकिरी ठिपक्यांच्या कापडापाशी येऊन थांबतात.

हा प्रश्न बाजाराचा वाटतो, पण तो इतिहासाचाही आहे. न दिसण्यासाठी माणसाला काय लागते, त्याची किंमत काय, आणि ती कोण मोजतो, याची फार जुनी उत्तरे जुन्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीत, मिळतात. त्या उत्तरांत कापडाचा वाटा आपल्याला वाटतो त्याहून पुष्कळ लहान आहे. आणि कापडाने जी कामे केली, त्यांत लपवण्यापेक्षा ओळख पटवण्याचे काम मोठे ठरले आहे.

बाणाचे अंतर

शस्त्र जितके कमी पल्ल्याचे, तितके लपणे महत्त्वाचे, हा शिकारीचा साधा हिशोब आहे. लांब पल्ल्याची रायफल असलेल्या माणसाला दोनशे पावलांवरून काम भागवता येते. धनुष्यवाल्याला ती चैन नाही. चितळ किंवा रानडुकराला हमखास लागावा असा बाण सोडायचा, तर वीस-तीस पावलांच्या आत पोचावे लागते. भामरागड, एटापल्ली, अहेरीकडच्या माडिया आणि गोंड शिकाऱ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या या वीस-तीस पावलांत गेल्या. त्यासाठी वेगळा पोशाख नव्हता. होते ते वाऱ्याचे भान, पाणवठ्याची माहिती आणि बसून राहण्याची सवय. पाणवठ्याजवळ जमिनीत उथळ खड्डा करून भोवती फांद्यांचा आडोसा उभा केला की त्याचे ‘लपण’ झाले. फांद्या त्याच जागेवरच्या. म्हणून रंग आपोआप जुळायचा.

या प्रदेशातल्या जंगलात डोळ्याआधी कानाचा बंदोबस्त करावा लागतो. सागाचे पान मोठे, खरखरीत. एकदा वाळले की पापडासारखे मोडते. फाल्गुन-चैत्रात जमिनीवर त्याचा असा काही थर साचतो की बूट घालून दहा पावले टाकली तरी अख्ख्या रानाला वर्दी जाते. अनवाणी पायाला जमीन कळते, वाळली काडी दाबण्याआधी जाणवते. पानगळीच्या जंगलात चालणाऱ्यापेक्षा बसणारा श्रेष्ठ, हा नियम यातूनच आला असावा. मचाणही त्याचेच रूप. माणूस झाडावर चढला की त्याच्या पायांचा आवाज थांबतो, त्याचा वास हवेत थोडा वरून जातो, आणि ज्या जनावरांना वर पाहण्याची सवय नाही त्यांच्या नजरेतून तो निसटतो.

गंमत अशी की एअरसॉफ्टचा ‘स्नायपर’ रायफलवाल्यापेक्षा या धनुष्यवाल्याच्या अधिक जवळचा आहे. प्लॅस्टिकची गोळी काही दशांश ग्रॅम वजनाची. वाऱ्याची झुळूक तिला वळवते. पन्नास-साठ मीटरपलीकडे तिचा भरवसा उरत नाही, आणि इतर खेळाडूंच्या बंदुकाही जवळपास तेवढाच पल्ला गाठतात. भारी दुर्बिणीवर खर्च करून हे अंतर वाढत नाही. अशा खेळाडूचे खरे बळ एकच : समोरच्याला तो दिसायला उशीर होणे. म्हणजे पल्ला तोकडा आणि लपणे मोठे, हा बाणाचाच हिशोब पुन्हा आला.

लपण्याची ही विद्या गरिबांची होती, आणि म्हणूनच ती संशयाचीही ठरली. विदर्भातले फासेपारधी याचे ठळक उदाहरण. माळावरच्या काळविटाला माणसाची उभी आकृती मैलभरावरून कळते. पण गुराढोरांना ते बिचकत नाही. म्हणून पारधी शिकवलेल्या बैलाच्या आडून, त्याच्या चालीने, चरल्यासारखे थांबत थांबत पुढे सरकायचे आणि फासे मांडायचे. या युक्तीची वर्णने एकोणिसाव्या शतकातल्या शिकारकथांत आणि सरकारी लिखाणात कौतुकाने येतात. पण त्याच शतकात, १८७१ मध्ये, गुन्हेगार जमाती कायदा झाला, आणि पुढच्या काळात ठिकठिकाणच्या पारध्यांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. साहेब मचाणावर बसला तर तो शिकारी. पारधी झुडपात बसला तर तो दबा धरून बसलेला चोर. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. शिक्का पुसायला त्याहून कितीतरी अधिक काळ लागतो आहे.

१८५८ : जंगलाने कोणाला लपवले?

लपण्याच्या या विद्येची राजकीय कसोटी चांदा जिल्ह्यात १८५८ मध्ये लागली. डिसेंबर १८५३ मध्ये नागपूरचे तिसरे रघुजी भोसले वारले. त्यांना औरस वारस नव्हता. १८५४ मध्ये राज्य खालसा झाले आणि चांदा इंग्रजांच्या ताब्यात आला. पूर्वेकडच्या गोंड जमीनदाऱ्या मात्र दाट जंगलात होत्या, आणि तिथे नव्या सरकारचा हात सहज पोचत नव्हता.

मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव पुल्लेसुरबापू शेडमाके यांचा जन्म १८३३ चा. म्हणजे उठावाच्या वेळी ते पंचविशीत होते. त्यांनी सुमारे पाचशे माणसे जमवली. त्यांत गोंड, माडिया होते तसे रोहिलेही होते. मार्च १८५८ मध्ये त्यांनी राजगड परगण्याचा ताबा घेतला. चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याने फौज पाठवली. १३ मार्चला नांदगाव-घोसरीजवळ चकमक झाली आणि इंग्रजांच्या फौजेला माघार घ्यावी लागली. पुढे अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव हेही बाबुरावांना मिळाले. गढीसुर्ल्याच्या टेकडीवर त्यांच्या माणसांनी वरून दगड लोटून चढणाऱ्या फौजेला रोखले. दगड टेकडीवरचेच होते. लपणातल्या फांद्यांसारखेच हेही फुकटचे साहित्य.

२९ एप्रिलच्या रात्री प्राणहितेच्या काठी चिंचगुडी येथील तारखात्याच्या छावणीवर हल्ला झाला. गार्टलँड आणि हॉल हे दोन कर्मचारी मारले गेले. तिसरा, पीटर, निसटला आणि त्याने क्रिक्टनला बातमी पोचवली. ही घटना सरकारच्या दृष्टीने साध्या लुटीहून मोठी होती. तारेचे खांब म्हणजे जंगलातून जाणारी सरकारची नजर; ती नजरच फोडली गेली होती.

त्यानंतरची कहाणी आपल्या विषयाला जास्त जवळची आहे. इंग्रजी फौजेला बाबुराव सहजी सापडले नाहीत. बांबूची बेटे, नाले, पलीकडे बस्तरचे रान. परक्या फौजेला इथे कोण कुठे आहे ते कळणे कठीण. तेव्हा क्रिक्टनने जंगलाचा नाद सोडून माणसांकडे मोर्चा वळवला. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दबाव आणला गेला, आणि त्यांच्या माणसांकरवी १८ सप्टेंबर १८५८ रोजी बाबुराव पकडले गेले. २१ ऑक्टोबरला त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. २००९ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट निघाले.

लक्ष्मीबाईंना फितूर ठरवून मोकळे होणे सोपे आहे. जमीनदारी राखायची की नातेगोते, असा पेच नव्या सत्तेने त्यांच्यापुढे टाकला होता, हे लक्षात घेतले तरी एक गोष्ट उरतेच : जंगल परक्यापासून लपवते, शेजाऱ्यापासून नाही. ज्याला तुमचे पाणवठे, तुमच्या वाटा आणि तुमचे सोयरे ठाऊक आहेत, त्याच्यापुढे झाडीचा उपयोग नाही. हा धडा सरकार विसरले नाही. एकशे बत्तीस वर्षांनी, दुसऱ्या सरकारने, त्याच मुलुखात तो पुन्हा वापरला. त्याकडे येण्याआधी कापडाची गोष्ट पाहू.

खाक

‘जळून खाक झाले’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्यातला फारसी ‘खाक’ म्हणजे माती, धूळ. त्यावरून खाकी. १८४६ मध्ये पेशावरला हॅरी लम्सडेन या अधिकाऱ्याने ‘कोअर ऑफ गाइड्स’ ही पलटण उभारली. तोवर इंग्रजी सैनिक म्हणजे लाल डगला. लम्सडेनने आपल्या माणसांना डोंगराच्या धुळीच्या रंगाचे सैल कपडे दिले. १८५७ च्या उन्हाळ्यात इतर गोऱ्या पलटणींनाही शहाणपण आले. त्यांनी आपले पांढरे कपडे चहा, चिखल, शाई, जे हाताशी लागेल त्यात बुडवून रंगवले. प्रत्येक तुकडीचा रंग निराळा आणि धुतला की फिका पडणारा. १८८४ मध्ये लँकेशरमधल्या गॅटी याने टिकाऊ खाकी रंगाचे पेटंट घेतले आणि खाकी गिरणीत तयार होऊ लागली.

हा रंग चांद्याच्या माणसाला परका नव्हता. खैराच्या गाभ्यापासून काढलेला कात, बाभळीची साल, हिरडा यांनी कापड तपकिरी, करडे, काळपट करण्याची कला देशात सर्वत्र होती, आणि खैर-हिरडा तर इथल्या रानातलेच. काताने जाळी आणि शिडे रंगवली जात, कारण त्याने धागा टिकतो. इथल्या माणसाला हा रंग पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता. इंग्रजांनी त्याचा गणवेश केला, इतकेच.

आणि गणवेश होताच त्याचा अर्थ फिरला. खाकीचा जन्म न दिसण्यासाठी झाला होता. पोलीस आणि जंगल खात्याच्या अंगावर ती चढली, तेव्हापासून तिचे काम लांबून दिसणे हे झाले. चांद्याच्या जंगलात गुरे चारणाऱ्याला, मोह वेचणाऱ्याला, लाकूडफाटा आणणारीला झाडांमागून खाकी दिसली की पावती, दंड, कुऱ्हाड जप्त होणे हे सगळे एकदम दिसायचे. आज मराठीत ‘खाकी’ म्हटले की धुळीचा रंग कोणाला आठवत नाही, पोलीस आठवतो. लपण्याच्या रंगाचा सत्तेचा रंग होण्याला पन्नास वर्षेसुद्धा लागली नाहीत.

गोणपाटाचा अंगरखा

जगातला सर्वांत नावाजलेला लपण्याचा पोशाख म्हणजे ‘गिली सूट’. आज तो तयार विकत मिळतो आणि नवख्या खेळाडूला त्याचाच मोह जास्त. त्याचे मूळ मात्र नोकरांच्या कपड्यांत आहे. स्कॉटलंडमध्ये जमीनदारांबरोबर शिकारीला जाणाऱ्या पोऱ्याला गेलिक भाषेत ‘गिले’ म्हणत. हरणाजवळ सरकायचे तर अंगावर चिंध्या आणि गवत बांधायचे, ही त्यांची युक्ती. १९०० मध्ये बोअर युद्धासाठी लॉर्ड लोव्हॅटने अशाच शिकारी नोकरांची ‘लोव्हॅट स्काउट्स’ ही पलटण उभी केली. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याचे काही नेमबाज याच पलटणीतून आले. ‘कॅमोफ्लाज’ हा शब्दही याच काळातला. १९१५ मध्ये फ्रेंच सैन्याने चित्रकार गिराँ द सेव्होला याच्या हाताखाली त्याचा स्वतंत्र विभाग काढला. नाटकांचे पडदे रंगवणारे हात तोफा झाकण्याचे पडदे रंगवू लागले.

हा पोशाख बनत कशाचा होता? जुने जाळे, गोणपाट, सुतळी. ताग पिकायचा बंगालमध्ये, आणि त्याची पोती कलकत्त्यात व डंडीत विणली जात. म्हणजे फ्रान्सच्या खंदकातला गोरा नेमबाज आपल्या शेतकऱ्याच्या पोत्यात लपला होता. चंद्रपूरच्या आठवडी बाजारात आजही हे साहित्य सहज मिळते. पोते उसवून त्याचे धागे सोडायचे, जाळ्याला गाठी मारायच्या, चहाच्या किंवा काताच्या पाण्यात बुडवायचे. आणि ज्या जागी बसायचे तिथले थोडे वाळले गवत शेवटी खोवायचे. हे शेवटचे काम सोडले तर बाकीच्याचा उपयोग निम्मा होतो, ही गोष्ट मात्र तयार सूट विकणारा सांगत नाही. इथे एक धोकाही आहे : ताग भसकन पेटतो. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळण्याची रीत असलेल्या मुलुखात, चैत्र-वैशाखात असा पोशाख घालून बसणे शहाणपणाचे नाही.

कोणाच्या डोळ्यांपासून?

लपायचे म्हणजे कोणाच्या डोळ्यांपासून, हा प्रश्न कापड घेण्याआधीचा आहे. चितळ-सांबरांना माणसासारखे तिन्ही मूळ रंग दिसत नाहीत. त्यांना हिरवा आणि नारिंगी यांत फरक करता येत नाही. म्हणून आपल्याला भडक वाटणारा वाघ त्यांच्या लेखी झाडीतच मिसळतो. २०१९ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी संगणकावर हाच ताळा करून पाहिला : हरणाच्या डोळ्यांना वाघाचा रंग जवळजवळ पुरेसा आहे, त्याने हिरवे होण्याची गरज नाही. निळा मात्र हरणांना चांगला दिसतो. त्यामुळे निळी जीन्स आणि नीळ किंवा टिनोपॉल दिलेला पांढरा सदरा हे जंगलात लाल पागोट्याहून वाईट. कपडे धुण्याच्या पावडरीत चकाकी आणणारे जे द्रव्य असते, ते जांभळ्यापलीकडचे किरण शोषून निळसर उजेड परत टाकते. आपल्याला ती स्वच्छता वाटते, हरणाला इशारा. जुना, पुष्कळदा साध्या पाण्याने धुतलेला मळखाऊ सदरा म्हणूनच नव्या महागड्या ठिपक्यांच्या कापडाला भारी पडतो.

माणसाचा डोळा निराळा. त्याला रंग नीट कळतात, पण तो आधी शोधतो आकार : खांद्यांवर डोके, चेहऱ्याचा फिका अंडाकार, हाताची हालचाल, काचेची चमक. म्हणून माणसांशी खेळायचे असेल, तर चेहरा आणि हात झाकणे हे अंगरख्याइतकेच महत्त्वाचे.

तिसरी गोष्ट ऋतूची. बाजारात मिळणारे बहुतेक ठिपक्यांचे कापड गर्द हिरवे असते. त्यामागचे चित्र कुठल्यातरी सदाहरित रानाचे. ताडोब्याचे जंगल शुष्क पानगळीचे आहे. पावसाळ्यात ते हिरवेगार; दिवाळीनंतर गवत पिवळे पडू लागते; मार्च-एप्रिलमध्ये साग निष्पर्ण होतो आणि रान करड्या, राखी, विटकरी रंगांत उभे राहते. त्या रानात गर्द हिरव्या कपड्यातला माणूस लांबून उठून दिसतो. दक्षिण गडचिरोलीत, इंद्रावतीच्या बाजूला, ओल अधिक टिकते, आणि तिथला हिशोब पुन्हा वेगळा. एकच कापड बारमाही चालत नाही. लपणासाठी जागेवरच्याच फांद्या तोडणाऱ्याला हे सांगावे लागत नव्हते.

हे ज्ञान शिकारीतून आले, आणि नंतर पाहण्याच्या कामी लागले. ताडोब्यात १९३५ मध्ये शिकारबंदी झाली; १९५५ मध्ये ते महाराष्ट्राचे पहिले राष्ट्रीय उद्यान झाले; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशभरच्या शिकारीला लगाम घातला. मचाण मात्र राहिले. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या मचाणात बसून जनावरांची नोंद करण्याची प्रथा विदर्भातल्या कितीतरी लोकांनी अनुभवली आहे. पूर्वी हीच मोजदाद होती. आता गणतीचे काम कॅमेरे करतात आणि मचाण निसर्गानुभवासाठी उरले. तिथे जाणाऱ्याला आजही तेच सांगतात : भडक कपडे नकोत, अत्तर नको, बोलणे नको. १९७२ च्या कायद्यात शस्त्राची जी व्याख्या आहे तिच्यात बंदुकीबरोबर धनुष्यबाण, जाळी आणि फासेही आहेत. एका बाजूला नेमबाजाचे लपण संरक्षकाचे मचाण झाले. दुसऱ्या बाजूला ज्यांच्याकडून ही विद्या आली त्यांची अवजारे गुन्ह्याची साधने ठरली. वन्यप्राण्यांसाठी हे आवश्यक होते, यात शंका नाही. हेमलकशाला प्रकाश आमटे यांचे प्राण्यांचे अनाथालय उभे राहिले तेच मुळी शिकारीत आई मेलेल्या माकडाच्या पिलापासून. पण त्या कायद्याचा जाच ज्यांनी सोसला, त्यांची आठवणही इतिहासात राहिली पाहिजे.

कापडाची साक्ष

१९८० मध्ये नक्षलवाद्यांची पहिली पथके गोदावरी-प्राणहिता ओलांडून सिरोंचा-अहेरीत आली. १९८२ मध्ये चंद्रपूरमधून गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. त्याचे दोन-तृतीयांशाहून अधिक क्षेत्र जंगलाखाली. बाहेरून आलेल्या पोलिसांना या रानात वाट सापडेना आणि भाषा कळेना. १९९० मध्ये तेव्हाचे पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी स्थानिक तरुणांतून साठ जणांचे पथक उभे केले. तेच सी-६०. गोंडी-माडिया बोलणारे, इथल्याच वाटांवर वाढलेले हे जवान. क्रिक्टनने १८५८ मध्ये जे ओळखले होते, त्याचीच ही दुसरी आवृत्ती : जंगलात लपलेल्याला जंगलातलाच माणूस शोधू शकतो. दोन्ही बाजूंना एकाच पाड्यातली, कधी एकाच नात्यातली मुले उभी राहिली, ही याची मोजावी लागलेली किंमत. ऑक्टोबर २००९ मध्ये लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले; मे २०१९ मध्ये जांभुळखेड्याच्या सुरुंगस्फोटात १५ जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक. सुरुंगाच्या या लढाईत माणसाने लपण्याचीही गरज उरली नाही. रस्ताच लपण झाला.

या चार दशकांत इथे कापडाला जो अर्थ आला, तो पुण्या-मुंबईच्या दुकानात कळणार नाही. ऑलिव्ह हिरवा गणवेश म्हणजे ‘दादा लोक’. ठिपक्यांचा गणवेश म्हणजे पोलीस. तिन्हीसांजेला पाड्याच्या कडेला कोणी दिसले, तर चेहऱ्याआधी कापड पाहिले जाई, आणि दार उघडायचे की नाही, पाणी द्यायचे की नाही, उद्या त्याबद्दल कोण विचारणार, हे सगळे त्या कापडावरून ठरे. ज्याचा धर्म माणसाला अदृश्य करणे, तेच कापड इथे सर्वांत आधी दिसते.

म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हुबेहूब बंदूक आणि लष्करी ठिपक्यांचे कपडे घेऊन या दोन जिल्ह्यांच्या खुल्या जंगलात खेळायला जाणे हा स्वतःच्या आणि इतरांच्या जिवाशी खेळ आहे. लांबून पाहणाऱ्याला प्लॅस्टिकची गोळी दिसत नाही. त्याला फक्त आकृती दिसते. कायदाही आहे : आपण सैनिक आहोत असे इतरांना वाटावे या हेतूने सैनिकासारखा वेश घालणे हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम १४० खाली गुन्हा होता; आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली आहे. जानेवारी २०२२ मध्ये भारतीय लष्कराने नवा लढाऊ गणवेश आणला आणि त्याच्या नक्षीची नोंदणीही केली, ती अशा नकलांना आळा बसावा म्हणूनच. अभयारण्यात तर परवानगीशिवाय शस्त्र नेणेच वर्ज्य. हा खेळ कुंपणातल्या, सर्वांना माहीत असलेल्या मैदानावरच शोभतो. आणि तिथे लष्करी नक्कल करण्याची गरजही नाही. मळखाऊ सदरा, झाकलेले हात, डोळ्यांना भक्कम चष्मा आणि गोणपाटाचे जाळे एवढ्यात काम भागते. यातल्या चष्म्यावर तेवढा खर्च करताना हात आखडू नये.

दिसण्याची गरज

लपण्याच्या या इतिहासाला एक दुसरी बाजू आहे, आणि ती आजची आहे. चंद्रपूर जिल्ह्यात वाघ वाढले. मोहफुले वेचायला, तेंदूपाने तोडायला पहाटे रानात जाणारी माणसे, बहुतांशी बाया, वाकून काम करतात. उभा माणूस वाघाच्या ओळखीचा असतो आणि तो सहसा त्याला टाळतो. वाकलेली, मळक्या लुगड्यातली, झुडपाआडची आकृती मात्र चार पायांच्या जनावरासारखी दिसते. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने गोळा करायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्यांनी लपण्याची कोणतीच विद्या वापरली नव्हती. कामाने, गरिबीने आणि कपड्यांच्या रंगाने त्यांना लपवले होते.

सुंदरबनात १९८० च्या दशकात लाकूडतोडे आणि मध गोळा करणारे डोक्याच्या मागे माणसाचा मुखवटा बांधू लागले. वाघ मागून हल्ला करतो, चेहरा दिसला की बिचकतो, या अनुभवावर ते बेतलेले होते. इथेही जाणत्या बाया एकट्या जात नाहीत, मोठ्याने बोलत राहतात, डबा वाजवतात. शिकारी ज्या तीन गोष्टी टाळत आला, म्हणजे आवाज, हालचाल आणि उभी आकृती, त्याच या बाया मुद्दाम जवळ करतात. रान तेच, विद्या तीच, फक्त उलटी वापरलेली.

न दिसण्यासाठी पैसे मोजणे ही चैन आहे. ती आपल्या खुशीने लपणाऱ्याला परवडते. चांद्याच्या जंगलात बहुतेकांना हा पर्याय मिळालाच नाही. पारध्याला लपला म्हणून गुन्हेगार ठरवले, बाबुरावांना लपूनही शेजाऱ्याच्या हातून जावे लागले, पाड्यावरच्या माणसाला दुसऱ्यांच्या कापडावरून आपला जीव जोखावा लागला, आणि तेंदू वेचणारीला दिसायचे असूनही ती दिसली नाही. पाचशे रुपयांचा ठिपक्यांचा सदरा घेणाऱ्याने निदान एवढे ध्यानात ठेवावे, की ज्या जंगलाचे चित्र त्या कापडावर छापले आहे, त्या जंगलात माणसे राहतात.